कूलरची खोली, काळी मारबत आणि खुंटीला टांगलेला कॅमेरा

वाचकांचे प्रश्न : हौशी छायाचित्रण

"कोणता कॅमेरा घेऊ?" अशा पत्रांचा गठ्ठा या वेळी बाजूला ठेवला आहे. ज्यांच्याकडे कॅमेरा किंवा फोन आधीच आहे आणि तरीही काहीतरी अडलं आहे, त्यांची पत्रं आधी.

प्रश्न : मुलाने वाढदिवसाला १८-५५ लेन्सचा कॅमेरा दिला. पहिले तीन महिने रोज सकाळी निघायचो. फुटाळा तलाव झाला, अंबाझरी झाला, दीक्षाभूमी, सेमिनरी हिल्स, झिरो माइल, सगळं काढून झालं. आता बॅग खुंटीला टांगली आहे. या वयात असंच होतं का, की माझंच काही चुकून राहिलं आहे?
(निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : वयाचा काही संबंध नाही. पंचविशीतल्या मुलांचीही अशीच पत्रं येतात, आणि त्यांचीही बॅग तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच खुंटीला लागलेली असते. 'सगळं काढून झालं' या तुमच्या शब्दांतच कारण आहे. जागांची यादी केली की ती कधीतरी संपणारच.

आधी एक तपासणी करा. शेवटचे पाचशे फोटो संगणकावर उघडा. फोटो चांगला की वाईट ते बघू नका, तो काढताना मजा आली होती का एवढंच आठवा आणि आली असेल त्यावर खूण करा. शंभरेक खुणा झाल्या की कल दिसायला लागतो. कुणाला यंत्राचीच हौस असते, बटणं फिरवून काय होतं ते बघायची. अशांनी विषयाच्या मागे न धावता सरळ प्रयोग करावेत. कुणाला भटकायचं असतं, कॅमेरा हे घरातून निघायला निमित्त. त्यांना जड बॅग हाच शत्रू, एक लेन्स आणि एक बॅटरी पुरे. कुणाचा आनंद फोटो देण्यात असतो: चहावाल्याचा काढला, चार बाय सहाची प्रिंट केली, आठवड्याने नेऊन हातात ठेवली. आणि थोडे लोक असे असतात की त्यांना खरी मजा घरी आल्यावर ऐंशीतले तीन निवडताना येते. तुम्ही बहुधा दुसऱ्याची हौस स्वतःची समजून पाळत होता. पहाटे उठून तलावावर जाणं हे काही सगळ्यांचं सुख नाही.

कल कळेपर्यंत पंधरा दिवस घराबाहेर पडू नका. एक संत्रं घ्या. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर बाजारात असतात, मृगाची फेब्रुवारीच्या सुमारास येतात. नाहीच मिळालं तर मोसंबी चालेल. थेट ऊन येत नाही अशा खिडकीपासून दोन फुटांवर टेबल ठेवा, फळाच्या मागे काळा कार्डशीट उभा करा. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर. झूम ५५ वर, छिद्र (लेन्समधून उजेड आत सोडणारं भोक) एफ/८, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) २००. शटर कॅमेऱ्याला ठरवू द्या. ते १/१५ सेकंदाच्या आसपास येईल आणि हातात धरलं तर फोटो हलेल, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्सवर स्टॅबिलायझरचं (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचं) बटण असेल तर बंद करा. ही लेन्स साधारण दहा-अकरा इंचांहून जवळचं फोकस करत नाही, आणि हे अंतर लेन्सच्या टोकापासून धरायचं नसतं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक गोल आणि त्यावर आडवी रेघ अशी बारीक खूण असते, ती सेन्सरची जागा, तिथून मोजा.

आता फळ न हलवता टेबल फिरवा. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर साल सपाट दिसते, प्लॅस्टिकचा चेंडू वाटावा इतकी. खिडकी फळाच्या बाजूला आली की सालीवरच्या तेलाच्या प्रत्येक खळग्याची एक कड उजळते आणि दुसरी अंधारात जाते. सालीचा खरखरीतपणा दिसतो तो याच फरकामुळे. सावलीची बाजू फारच काळी पडली तर तिकडे पांढरा कागद धरा. तो सहा इंचांवर, एक फुटावर, दोन फुटांवर असे तीन फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. फुटाळ्याच्या तीन महिन्यांत जे हाताला लागलं नाही ते इथे अर्ध्या तासात लागेल, कारण इथे एका वेळी एकच गोष्ट बदलते आहे.

हे जमलं की सालीच्या फवाऱ्याकडे वळा. सकाळी आठ-नऊच्या उन्हात, सूर्य सालीच्या मागे पण चौकटीबाहेर, आणि पलीकडे सावलीतली गडद भिंत. शटर १/१०००, एफ/५.६, आयएसओ ८००, फोकस हाताने सालीवर लावून ठेवलेलं, एकापाठोपाठ फोटो घेण्याचा मोड चालू. दुसऱ्या कुणीतरी ताज्या सालीचा तुकडा बाहेरच्या बाजूने वाकवून चिमटायचा. शिळी, सुकलेली साल फवारा देत नाही. लेन्स एक फूट तरी लांब ठेवा आणि पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा. तेलाचे थेंब काचेवर बसले की कोरड्या फडक्याने पसरतातच, पुसायला लेन्सचं द्रावण लागतं. साठ-सत्तर चौकटींत एखादीच लागते, बाकी सगळ्या हुकतात.

नंतर बाहेर जाल तेव्हा झूमची रिंग ३५ वर आणून कागदी चिकटपट्टीने बांधून टाका. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ३५ म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यातल्या पन्नास-पंचावन्नसारखं दृश्य. झूम बंद झाला की जवळ-लांब पायांनीच व्हावं लागतं, आणि माणूस व मागची भिंत यांचं एकमेकांशी प्रमाण तेव्हाच बदलतं. रिंग फिरवून ते कधीच बदलत नाही, फक्त कापलं जातं.

प्रश्न : माझे फोटो बघून लग्नाचे फोटो काढणारा भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही हौशीच." हौशी म्हणजे कच्चा का?
(वाचक, काटोल रोड)

उत्तर : भाच्याला गिऱ्हाइकाने सांगितलेलं, सांगितलेल्या तारखेला द्यावंच लागतं. तुम्हाला सगळे फोटो पुसून टाकायची मुभा आहे, फरक इतकाच. आपल्याकडे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तिच्या सुरुवातीच्या वर्षांत पुढाकाराने असलेले डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर होते. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेची प्लेट वाळायच्या आत फोटो काढून धुवावाही लागे, म्हणजे अंधारखोली बरोबर घेऊनच फिरायचं. एवढा खटाटोप लोक आवडीपोटी करत होते. भाच्याला पुढच्या वेळी चहा पाजा आणि त्याने कुणीही न सांगता, पैसे न घेता शेवटचा फोटो कधी काढला ते विचारा.

प्रश्न : उन्हाळ्यात बाकी घर तापतं म्हणून कॅमेरा कूलरच्या खोलीतल्या कपाटात ठेवते, चामड्याच्या पिशवीत, नीट गुंडाळून. जुलैमध्ये लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. दुकानदार म्हणतो बुरशी आहे. नागपूरची हवा तर कोरडी, मग बुरशी आली कुठून?
(गृहिणी, मानेवाडा)

उत्तर : ताई, नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते ती कूलरच्या बाहेर. कूलर खोली गार करतो तो पाणी हवेत सोडूनच. खसच्या ताट्या ओल्या, खिडक्या बंद, अशा खोलीत आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर सहज जाते, आणि आर्द्रता साठच्या वर टिकून राहिली की बुरशीला पुरेसं होतं. त्यात अंधारं कपाट आणि चामड्याची पिशवी. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीचं खाद्यही असतं. मे-जूनमध्ये तुम्ही नकळत पावसाळाच घरात आणला होता. जुलैत खरा पाऊस आल्यावर जे आधीच रुजलं होतं ते डोळ्यांना दिसलं.

ठेवायची जागा अशी करा. घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला दहा-बारा लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात दीडशे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल सुती पिशवीत घालून ठेवा आणि एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक टाका. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. तीसच्या खाली फार दिवस गेला तर रबर आणि वंगण सुकतं, तेव्हा जेल जास्त झालं म्हणून अर्धं काढा. जेल घेताना नारिंगी दाण्यांचं मागा. ओल शोषली की ते हिरवं पडतं. निळ्या दाण्यांना रंग कोबाल्टच्या क्षाराने दिलेला असतो, तो विषारी आहे, स्वयंपाकघराच्या जवळपासही नको. हिरवं पडलेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं, त्यासाठी वेगळी थाळी ठेवा. नुसतं गच्चीवर उन्हात पसरून ते पूर्ण सुकत नाही, आपल्या मे महिन्याच्या उन्हातही नाही. चामड्याची पिशवी फक्त प्रवासात वापरा.

डबा खोलीत कुठेही ठेवा, कूलरच्या खोलीतही चालेल, कारण आत हवा जातच नाही. मात्र गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पारा साठच्या वर चढतो आणि बॅटरी फुगते.

बरेच वाचक आणखी एका गोष्टीत गल्लत करतात. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरत नाही, कारण बाहेरच्या हवेत ओलच नसते. पावसाळ्यात एसीतून बाहेर काढला तर लगेच धरते: कॅमेरा बावीस अंशांवर, बाहेर हवा दमट, गार काचेवर पाणी बसणारच. एसीच्या खोलीत असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका. वाफ पिशवीच्या बाहेरून धरेल, ती पुसली की झालं.

आता तुमची लेन्स. खोली अंधारी करून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागच्या बाजूने विजेरी मारा आणि तिरपं बघा. कडेला चार धागे असतील तर फोटोत फरक पडणार नाही. तज्ज्ञाकडून उघडून साफ करून घ्या आणि तोवर ती बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. बुरशी मधोमध पसरली असेल तर उजेडाकडे तोंड केल्यावर फोटो धुरकट येतात. साफ केल्यावरही काचेच्या मुलाम्यावर धाग्यांचे ओरखडे उरले तर ते कायमचे. त्या वेळी खर्च आणि लेन्सची किंमत यांचा हिशेब घालूनच ठरवा. 'ऊन दाखवा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. खिडकीच्या काचेतून बुरशीला मारणारे किरण फारसे आत येत नाहीत, आणि उघड्या लेन्समधून सूर्य एकवटला तर कपाटाला भोक पडेल.

प्रश्न : गेल्या मारबतीच्या मिरवणुकीला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो. काळी मारबत फोटोत राखाडी आली आणि पिवळी मळकट. ऑटोवरच होतो. शिवाय अर्धे फोटो हललेले.
(महाविद्यालयीन विद्यार्थी, महाल)

उत्तर : मारबतीइतकी चांगली परीक्षा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची दुसरीकडे होत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या त्याच गल्ल्यांत एकदा काळीकुट्ट मूर्ती येते आणि थोड्या वेळाने झगझगीत पिवळी, आणि मीटरला दोन्ही मधल्या करड्या रंगाच्या वाटतात. चौकट काळ्याने भरली की 'फार अंधार आहे' असं समजून तो उजेड वाढवतो आणि काळी राखाडी होते. पिवळीने भरली की उलट, म्हणून ती मळते. ऑटोऐवजी पी किंवा ए मोडवर राहून काळीला उजेड एक पायरी, म्हणजे निम्मा, कमी करा (−१), पिवळीला अर्धी ते पाऊण वाढवा. फोनवर मूर्तीवर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याच्या खुणेची पट्टी काळीला खाली, पिवळीला थोडी वर.

पण गर्दीत हे विसरायला होतं. त्याहून सोपी युक्ती अशी की मूर्तीवर जो उजेड पडतो आहे त्यातच आपला तळहात धरा, चौकट भरून मीटर बघा आणि आकडे मॅन्युअलवर एक पायरी उजळ करून ठेवा. तळहात साधारण सगळ्यांचाच मधल्या करड्यापेक्षा एक पायरी उजळ असतो. एकदा लावलं की काळी येवो, पिवळी येवो, दोन्ही आपापल्या रंगात येतात. ढग आला-गेला की मात्र पुन्हा हात धरायचा. भाद्रपदाच्या तोंडावरचं आभाळ असल्याने हे दहा मिनिटांनी करावं लागेल. अंदाज हवा असेल तर ढगाळ उजेडात आयएसओ ४००, एफ/८ आणि १/४००. लख्ख ऊन पडलं की तेच १/१६००. अरुंद गल्लीच्या सावलीत एफ/५.६ आणि १/४००. हललेले फोटो याच शटरने थांबतील. नाचणाऱ्यांचे हात गोठवायचे तर १/५०० च्या खाली उतरू नका, सावलीत आयएसओ ८०० करा.

उभं कुठे राहायचं? 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी उठते तेव्हा हात वर जातात आणि जमिनीवरून नुसती कोपरं दिसतात. पहिल्या मजल्याची गॅलरी सगळ्यांत चांगली, पण आदल्या दिवशी जाऊन घरच्यांना विचारून ठेवा, काकूंना नंतर फोटो नेऊन द्या. खाली असाल तर १८ ते २४ ची रुंद बाजू वापरा आणि मूर्तीच्या पुढे उलटं चालत फोटो काढू नका; मागे नाली असते, दोर असतात आणि ओढणाऱ्यांना थांबता येत नाही. बडग्यांचे (मारबतीबरोबर मिरवणाऱ्या पुतळ्यांचे) फोटो घेताना त्यांच्या गळ्यातली पाटी वाचता येईल असाच घ्या. वर्षभराचा राग त्या पाटीवर लिहिलेला असतो, ती कापली तर नुसतं बुजगावणं उरतं.

गर्दीत लेन्स बदलू नका, ट्रायपॉड नेऊच नका, पट्टा मानेतून आणि एका बगलेखालून घ्या. पावसाला किराण्याची जाड पारदर्शक पिशवी पुरते: तळाला भोक, त्यातून लेन्स बाहेर, वर रबरबँड. लहान मुलाचा चेहरा मोठा येत असेल तर आईबापांना खूण करून विचारा. मारबतीच्या दहनाचा फोटो काढायचा असेल तर उजेड एक ते दोन पायऱ्या कमी करा, नाहीतर ज्वाळा पांढऱ्या होतात. आणि वारा कुठून आहे बघून मगच उभे राहा.

प्रश्न : मंगल कार्यालयात काढलेल्या फोटोंत आडवे काळसर पट्टे येतात. कॅमेरा खराब झाला का?
(वाचक, नंदनवन)

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/५०० असेल तर सेन्सरच्या काही ओळींना उजेड मिळतो, काहींना मिळत नाही. शटर १/१०० किंवा १/५० करा, पट्टे जातील. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, त्यात हा त्रास सर्वांत जास्त. व्हिडिओ २५ फ्रेम आणि १/५० वर घ्या. स्टेजवरच्या मंद करता येणाऱ्या रंगीत दिव्यांचा वेग मात्र वेगळाच असतो. तिथे शटर थोडं थोडं बदलून बघणं किंवा त्या दिव्याच्या उजेडातून बाजूला होणं, हेच दोन मार्ग.

प्रश्न : (१) मुलीच्या स्नेहसंमेलनाचा सगळा कार्यक्रम मी फोनच्या पडद्यावरच बघितला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू तिथे होतीस का?" (एक आई, प्रतापनगर)
(२) फोटो टाकल्यावर लाइक्स आले नाहीत की पुढचे आठ दिवस काढावासाच वाटत नाही. (विद्यार्थिनी, हिंगणा रोड)

उत्तर : दोन्ही पत्रांचं दुखणं एकच दिसतं, म्हणून उत्तर एकत्र.

अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचा फोटो काढायचा. हा अभ्यास २०१४ साली छापला गेला. ज्या वस्तूंचा अख्खा फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या. जणू आठवण ठेवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. पण ज्यांनी वस्तूचा एकच भाग झूम करून टिपला त्यांची आठवण शाबूत राहिली, चौकटीबाहेर गेलेल्या भागांचीही. दोष फोटो काढण्याचा नव्हे, समोर आलं ते सगळं उचलण्याचा आहे. ताई, पुढच्या वेळी पडदा उघडताना दोन फोटो घ्या आणि मग लेकीचा एकच बारीक तपशील ठरवा: घुंगरू बांधलेला पाय, किंवा पाठांतर विसरल्यावर विंगेकडे गेलेली नजर. तेवढ्यासाठी फोन वर करा, बाकी वेळ मांडीवर. पुढे २०१७ साली बाराश, डील, झॉबरमन या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त आठवतं, पण ऐकलेलं कमी. तेव्हा गाण्याची मैफल आणि आजीची गोष्ट या दोन ठिकाणी फोन पर्समध्येच बरा.

याच मंडळींनी २०१८ मध्ये दाखवलं की 'हा फोटो लोकांना दाखवायचा आहे' असं डोक्यात ठेवून काढला तर त्या क्षणाची मजाच कमी होते, कारण आपण कसे दिसू याची काळजी आधीच सुरू होते. म्हणजे लाइक्स येण्याच्या आधीच नुकसान झालेलं असतं. हिंगणा रोडच्या वाचक मैत्रिणीने एक करून बघावं. काढलेला फोटो सात दिवस कुठेही टाकायचा नाही. सात दिवसांनी तो आवडेनासा झाला तर टाकायचाच नाही, अजून आवडत असेल तर टाकावा आणि आकडा दिसणार नाही अशी सेटिंग करून ठेवावी. ही सोय इन्स्टाग्रामवर आहे.

शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी लाखाहून जास्त निगेटिव्ह काढून ठेवल्या आणि जवळपास कुणालाच दाखवल्या नाहीत. कित्येक रोल तर धुतलेही नव्हते. २००७ साली भाडं थकलेल्या गोदामातल्या पेट्या लिलावात गेल्या तेव्हा ते फोटो बाहेर आले, आणि २००९ मध्ये त्या वारल्या. इतकं टोक गाठायची गरज नाही. पण प्रेक्षक नसतानाही हौस चाळीस-चाळीस वर्षं टिकते.

प्रश्न : रामटेकच्या गडमंदिरामागे मोठ्ठा चंद्र हवा आहे. माझ्या फोटोत चंद्र पांढरा ठिपका येतो आणि मंदिर काळं. ५५-२०० लेन्स आहे.
(वाचक, कामठी)

उत्तर : चंद्र मोठा दिसत नसतो, मंदिर लहान करावं लागतं. आकाशात चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश, आणि ती तुम्ही कुठेही उभे राहा, तेवढीच. मंदिर मात्र लांब गेलात की आकसतं. हिशेब सोपा आहे: जी वस्तू चंद्राएवढी दिसायला हवी तिच्या रुंदीच्या ११५ पट लांब उभं राहायचं. शिखर १० मीटर रुंद धरलं तर साधारण ११५० मीटर. पायथ्याशी उभं राहून ते कधीच जमणार नाही. २०० मिमीला सेन्सरवर चंद्र पावणेदोन मिलिमीटरचा येतो, म्हणजे आडव्या चौकटीच्या उंचीचा नववा-आठवा भाग. तेवढा पुरतो, थोडं कापून घ्या.

दिवस चतुर्दशीचा निवडा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि टेकडीवर येईपर्यंत मंदिर अंधारात जातं. आदल्या दिवशी तो पाऊण-एक तास आधी येतो, मंदिरावर उजेड असतो आणि दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. त्रिपुरी पौर्णिमेला तर यात्रेची गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळणार नाही. तेही एक कारण. त्या दिवसांत चंद्र पूर्वेपेक्षा वीसेक अंश उत्तरेला उगवतो, म्हणून तुम्ही गडाच्या पश्चिमेला, थोडं नैर्ऋत्येकडे सरकून उभं राहायला हवं. मे-जूनच्या पौर्णिमेला उलट, वायव्येकडे सरकून. नेमकी दिशा आणि वेळ फोनवरच्या चंद्र-सूर्याच्या ॲपमध्ये मिळते, पण ती वेळ सपाट क्षितिजाची असते. समजा टेकडी तुमच्यापेक्षा १०० मीटर उंच आणि २ किलोमीटर लांब आहे, तर तिचा माथा सुमारे तीन अंश वर दिसेल आणि चंद्राला तिथवर चढायला बारा-पंधरा मिनिटं लागतील. आपल्या अक्षांशावर तो सरळ वर न जाता उजवीकडे कलत चढतो. तेवढ्या वेळात दोनेक चंद्रांइतका उजवीकडे सरकलेला असतो. ॲपमधल्या उगवतीच्या दिशेवर विश्वासून उभे राहिलात तर तो शिखराच्या बाजूने निघेल.

तो सरकला की तुम्ही डावीकडे सरका. सव्वा किलोमीटरवरून दहा-अकरा मीटर चाललात की चंद्र शिखराच्या मानाने आपल्या एका रुंदीइतका हलतो. म्हणून बाजूला चालायला मोकळी वाट असलेली जागाच दुपारी जाऊन शोधून ठेवा. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, ट्रायपॉड उचलायला आणि लावायला वेळ तेवढाच.

आयएसओ ४००, एफ/८, १/२५० पासून सुरुवात करा. चंद्रावरचे डाग दिसेनासे होऊन तो नुसता पांढरा झाला तर शटर आणखी जलद, मंदिर फार काळं वाटलं तर एक पायरी हळू, पण १/१२५ च्या खाली नको. फोकस मंदिराच्या कडेवर लावून मॅन्युअलवर टाका. दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद. ट्रायपॉड हलका असेल तर मधल्या दांड्याला बॅग लटकवा, मात्र ती जमिनीला जेमतेम टेकलेली असू द्या. मोकळी लोंबत राहिली तर वाऱ्याने तीच झुलते आणि सगळे फोटो हलवून ठेवते.